दोन इतिहास जोडताना : गिटमधल्या एका परवानगीची गोष्ट

या मालिकेत आपण आजवर लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, तह पाहिले. आजचा इतिहास फार जुना नाही. तो 2005 साली सुरू होतो आणि 2016 साली एका वळणावर येतो. त्यात तलवार नाही, बंदूक नाही. एक संगणकीय कमांड आहे आणि त्या कमांडला जोडावा की न जोडावा असा एक पर्याय आहे. तरीही हा इतिहासाच्याच मालिकेतला विषय आहे, कारण प्रश्न असा होता : ज्यांचा पूर्वज एक नाही असे दोन इतिहास एकत्र जोडायचे असतील, तर त्याला परवानगी कोणी द्यायची आणि कशी?

या विषयाकडे मी कसा आलो, ते आधी सांगतो. लष्करातून निवृत्त झाल्यावर मी जुन्या सैनिकांच्या मुलाखती घेऊ लागलो. त्या टंकून ठेवायच्या, नंतर कोणी चूक दाखवली की दुरुस्त करायच्या, असं चालू होतं. संगणकात 'मुलाखत अंतिम', 'मुलाखत अंतिम 2', 'मुलाखत खरंच अंतिम' अशा फाइली साचल्या. माझी मुलगी बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, "बाबा, हे असं नका करू. गिट वापरा. कोणती ओळ कधी बदलली, का बदलली, सगळं राहतं." मी शिकलो. दोन महिने घरच्या लॅपटॉपवर नीट नोंदी केल्या. मग एका संकेतस्थळावर जागा घेतली. तिथे नवी रिपॉझिटरी, म्हणजे दप्तर म्हणा, उघडताना एका चौकटीत बरोबरची खूण केली, त्यामुळे तिथे आपोआप 'रीडमी' नावाची एका ओळीची फाइल तयार झाली. आता घरचं आणि तिथलं एकत्र करायला गेलो, तर पडद्यावर उत्तर आलं : 'फेटल : रिफ्यूजिंग टू मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज.' म्हणजे, परस्परांशी नातं नसलेले इतिहास मी जोडणार नाही.

मुलीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. घाईत म्हणाली, "बाबा, कमांडच्या शेवटी 'अलाउ अनरिलेटेड हिस्टरीज' लावा, होऊन जाईल."

मी विचारलं, "म्हणजे मी नेमकी कशाला परवानगी देतोय?"

"अहो, सगळे तेच लावतात."

आता, सगळे तेच करतात म्हणून सही करायची नाही, एवढं तरी नोकरीने शिकवलं होतं. ज्या हुकुमाने मला अडवलं तो कोणी काढला, का काढला, हे पाहायचं ठरवलं. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात लिनक्सपासून करू. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली लिहायला घेतला. हा कर्नेल म्हणजे आमच्या पलटणीतला कर्नल नव्हे, पण हुकूम सगळ्यांना त्याच्याकडूनच जातो, एवढं साम्य आहे. जगभरातले लोक त्यात भर घालू लागले. 2002 पासून या कामाच्या नोंदी ठेवायला बिटकीपर नावाची खासगी मालकीची प्रणाली वापरली जात होती. तिचा फुकट परवाना 2005 साली वादातून बंद झाला. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःच प्रणाली लिहायला घेतली. 3 एप्रिल 2005 ला काम सुरू झालं. 7 एप्रिलला गिट स्वतःच्याच नोंदी स्वतःमध्ये ठेवू लागलं. 16 एप्रिलला लिनक्स कर्नेल त्यात आणला गेला. त्याच वर्षी 26 जुलैला टोरवाल्ड्स यांनी गिटची सूत्रं जुनिओ हमानो यांच्याकडे दिली. हमानो यांनी पुढे दशकाहून अधिक काळ ती सांभाळली. कोणता बदल आत घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हा शेवटचा निर्णय त्यांचा.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटचं नाव स्वतःमध्ये बाळगते. त्या आधीच्या कमिटला पालकच म्हणतात. पालकाचा पालक, त्याचा पालक असं मागे मागे गेलं की शेवटी एक अशी नोंद सापडते जिला पालक नाही. ती मूळ नोंद, मूळ पुरुष म्हणा. कमिटचं नाव म्हणजे 40 अक्षरांचा एक ठसा. तो कमिटच्या मजकुरातून गणिताने काढलेला असतो आणि त्या मजकुरात पालकाचा ठसाही असतो. म्हणून मागची एक नोंद बदलली तर पुढच्या सगळ्या नोंदींचे ठसे बदलतात. एकदा इतिहास लोकांच्या हाती गेला की मागे जाऊन गुपचूप पान फाडता येत नाही. ही गिटची ताकद आहे. आजच्या गोष्टीतली अडचणही तीच आहे.

आता मर्ज म्हणजे काय? दोन माणसं एकाच जागेपासून निघाली, दोघांनी वेगवेगळे बदल केले आणि आता ते एकत्र करायचे आहेत. गिट दोघांचा सर्वांत जवळचा समान पूर्वज शोधतं. मग तीन गोष्टी शेजारी ठेवतं : पूर्वज, तुमची प्रत, त्याची प्रत. पूर्वजापेक्षा तुम्ही जे बदललं ते घ्यायचं, त्याने जे बदललं तेही घ्यायचं. दोघांनी एकच जागा वेगवेगळी बदलली असेल तर गिट थांबतं आणि माणसाला विचारतं. वाटणीच्या वादात आपण आजोबांचा सातबारा काढतो तसंच हे. मूळ काय होतं हे कळल्याशिवाय कोणी काय वाढवलं ते कळत नाही.

पण समान पूर्वजच नसेल तर? गिटचं मर्ज अशा वेळी पूर्वज म्हणून एक रिकामं पान धरू लागलं. म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या फाइली नव्यानेच आल्या असं समजायचं. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल आणि मजकूर वेगळा असेल तर तंटा होतो. नावं वेगळी असतील तर काहीच अडत नाही. आणि दोन्हीकडे फाइली तंतोतंत सारख्या असतील, तरीही काहीच अडत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

असं पहिलं गाजलेलं मर्ज खुद्द गिटच्याच घरात झालं. पॉल मॅकेरास यांनी 'गिटके' नावाचा एक कार्यक्रम लिहिला होता. इतिहासाच्या फांद्या तो चित्र काढून दाखवतो. त्यांनी तो स्वतंत्र सुरू केला, त्याचा मूळ पुरुष वेगळा, त्याच्या नोंदी वेगळ्या. तो गिटबरोबरच सगळ्यांना मिळावा असं ठरलं. सोपा मार्ग होता. फाइल उचलायची, गिटमध्ये ठेवायची, 'गिटके आणलं' अशी एक नोंद करायची, झालं. टोरवाल्ड्स यांनी तसं केलं नाही. 22 जून 2005 ला त्यांनी गिटकेचा अख्खा इतिहास, प्रत्येक नोंदीसकट, गिटच्या इतिहासाला जोडला. 'आजवरचं सर्वांत भारी मर्ज' अशा अर्थाचं नाव त्यांनीच त्याला दिलं. फायदा दुहेरी झाला. मॅकेरास यांच्या कामाच्या नोंदी मॅकेरास यांच्याच नावावर राहिल्या आणि पुढेही ते आपल्या दप्तरात काम करत राहिले. त्यांची नवी कामं नेहमीच्या मर्जने गिटमध्ये येत गेली, कारण आता दोन्हीकडे समान पूर्वज होता.

आम्हा लष्करातल्या लोकांना या वागण्याचं मोल चटकन कळतं. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या फौजा भारतीय सैन्यात आल्या. मराठा लाइट इन्फंट्रीची 19वी बटालियन ही मूळची कोल्हापूरची राजाराम रायफल्स आणि 20वी बडोदा संस्थानच्या पायदळातून आलेली. नुसते जवान घेऊन जुनी वही बंद करता आली असती. पण बटालियन आपला मागचा इतिहास बरोबर घेऊन आली.

तर असं जोडणं वाईट नाही. पुन्हा सांगतो, कारण पुढची गोष्ट ऐकून उलट समज होईल. लिनक्समध्येही हे झालेलं आहे. बीटीआरएफएस ही फाइल साठवण्याची पद्धत क्रिस मेसन यांनी स्वतंत्र सुरू केली होती. 2009 साली ती कर्नेलमध्ये आली, तेव्हा स्वतःचा मूळ पुरुष घेऊनच आली. विचार करून, उघडपणे जोडलेली.

2005 च्या त्या पहिल्या मर्जमधली एक बारीक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. टोरवाल्ड्स यांनी ते मर्ज हाताने केलं होतं. दुसरा इतिहास आणायचा, त्याची यादी वेगळी वाचायची, फाइली बाहेर काढायच्या, आपल्या यादीत घालायच्या, दुसऱ्या पालकाची नोंद ठरलेल्या जागी हाताने ठेवायची आणि मग कमिट. पाच-सहा पायऱ्या. ज्याला हे करायचं आहे त्याला आपण काय करतो आहोत हे कळल्यावाचून ते जमणारच नव्हतं. मेहनत हाच पहारा होता.

पुढे गिट सुधारत गेलं. मर्ज हुशार झालं. त्या पाच-सहा पायऱ्या एका कमांडमध्ये मावल्या. पूर्वज सापडला नाही तर रिकामं पान धरून काम पुरं होऊ लागलं. सोय झाली खरी. पण मेहनत गेली त्याबरोबर पहारेकरीही गेला, आणि तो गेला हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. अनेक वर्षं काही बिघडलंही नाही.

बिघडलं ते 2016 साली. फेब्रुवारीत एका विकसकाच्या नव्या रिपॉझिटरीत पहिली नोंद पडली ती एका 'रीडमी' फाइलची. मजकूर एका ओळीचा. नंतर त्याच दप्तरात त्याने लिनक्सचा मुख्य प्रवाह मर्ज केला. एकीकडे एका ओळीची फाइल, दुसरीकडे हजारो फाइलींचा कर्नेल. नावं जुळत नव्हती, म्हणून तंटा नाही. गिटने हूं की चूं केलं नाही. त्यावर त्याने आपलं खरं काम केलं आणि ते वरिष्ठाकडे पाठवलं. वरिष्ठाने काम पाहिलं, ते बरोबर होतं, पुढे पाठवलं. मार्चमध्ये, आवृत्ती 4.6 ची जुळणी चालू असताना, ते मुख्य प्रवाहात पोचलं. आणि लिनक्सच्या वंशावळीत एक नवा मूळ पुरुष येऊन बसला : एका ओळीची रीडमी.

माझी चूक आणि ही चूक, दोन्ही एकाच जातीच्या. फरक एवढाच की मला गिटने अडवलं. त्या विकसकाला अडवणारं तेव्हा काही नव्हतं.

कोणी म्हणेल, यात एवढं काय झालं? रीडमी फाइल नंतर निघून गेली. फाइल गेली, नोंद गेली नाही. मघाशी सांगितलं ना, ठसे एकमेकांत गुंतलेले असतात. ती नोंद काढायची तर तिच्यानंतरचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागेल आणि जगभर पसरलेल्या प्रती जुळेनाशा होतील. म्हणून ती तिथेच आहे, आजही.

व्यवहारातलं नुकसानही समजून घेऊ. कर्नेलमध्ये बिघाड आला की तो कोणत्या नोंदीने आला हे शोधायची एक पद्धत आहे. चांगली नोंद आणि वाईट नोंद यांच्या मधली निवडायची, ती चालवून पाहायची, अर्धा इतिहास बाजूला टाकायचा, पुन्हा मधली निवडायची. असं शोधताना जर कोणी त्या परक्या मूळ नोंदीवर जाऊन पडला, तर तिथे कर्नेलच नाही. नुसती एक ओळ आहे. चालवून काय पाहणार?

याहून गंभीर शक्यता वेगळी होती. समजा कोणी लिनक्सची नुसती फाइलींची गठडी उतरवून घेतली, इतिहास घेतलाच नाही. त्या गठडीवर आपली पहिली नोंद केली, चार सुधारणा केल्या आणि परत पाठवल्या. दोन्हीकडच्या बहुतेक फाइली तंतोतंत सारख्या, म्हणून तंटा नाही. मर्ज गुपचूप होणार. आणि इतिहासात एक समांतर मूळ पुरुष उभा राहणार, ज्याच्या नोंदीप्रमाणे हजारो लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं काम एका माणसाने एका दिवसात आणलेलं दिसणार. त्याच्या मनात कपट असण्याचीही गरज नाही, अज्ञान पुरेसं आहे. ज्यांनी लष्करी दप्तरं चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे, खोट्या नोंदीपेक्षा निष्काळजी नोंद जास्त त्रास देते. खोटी नोंद निदान कोणीतरी कारणाने केलेली असते.

प्रश्न गिटकडे आला आणि 18 मार्च 2016 ला हमानो यांनी बदल मांडला. त्याच्या शीर्षकात त्यांनी जुन्या विनोदाची आठवण ठेवली. आशय असा की, जरा जास्तच भारी असलेलं मर्ज आपण होऊन करायला गिटने नकार द्यावा. समान पूर्वज नसेल तर थांबायचं. करायचंच असेल तर माणसाने स्पष्ट लिहायचं : अलाउ अनरिलेटेड हिस्टरीज.

नवा पर्याय तपासायचा म्हणजे तो चालतो की नाही एवढंच पाहणं नव्हे. चालतो हे अर्ध्या तासात कळतं. त्यातल्या चार निर्णयांकडे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. ते एकेक करून सांगतो.

पहिला निर्णय : न सांगता काय होणार? आजवर न सांगता मर्ज होत होतं, यापुढे न सांगता नकार मिळणार. कोणत्याही यंत्रणेत खरा हुकूम हाच असतो, कारण बहुतेक माणसं न सांगता जे होतं तेच करतात. पण चालू वहिवाट मोडायची म्हणजे किंमत द्यावी लागते. इथे ती लगेच दिसली. गिटच्या स्वतःच्या चाचण्यांपैकी अनेक चाचण्या असेच असंबद्ध इतिहास जोडत होत्या. त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. ज्या घरात नियम होणार, त्याच घरात तो मोडला जात होता.

दुसरा निर्णय : नाव. नाव लांब आहे, आणि त्याला एका अक्षराचं लघुरूप दिलेलं नाही. सरळ 'फोर्स', म्हणजे 'जबरदस्तीने कर', असं नाव देता आलं असतं. मग माणसाने काय मोडलं हे त्यालाच कळलं नसतं. इथे टंकताना तुम्हाला लिहावंच लागतं की हे इतिहास असंबद्ध आहेत आणि मी परवानगी देतो आहे. फायरिंग रेंजवरून निघताना प्रत्येक जवान स्वतःच्या तोंडाने सांगतो की माझ्याजवळ जिवंत काडतूस किंवा रिकामी पुंगळी नाही. सुभेदाराने सगळ्यांच्या वतीने सांगून चालत नाही. हे नाव त्या जातीचं आहे.

तिसरा निर्णय : कायमची सोय द्यायची का? गिटमध्ये पुष्कळ गोष्टी एकदा ठरवून ठेवता येतात, मग दरवेळी सांगावं लागत नाही. हमानो यांनी इथे तशी सोय मुद्दाम ठेवली नाही. कारण साधं होतं. दोन वेगळे प्रकल्प जोडणं ही क्वचितची घटना आहे, मग तिला कायमची परवानगी कशाला? मला हा चारांतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. क्वचितच्या कामाला कायमचा परवाना दिला, की ज्या दिवशी खरा धोका येतो त्या दिवशी फाटक आधीच उघडं असतं.

चौथा निर्णय : 'पुल' या कमांडलाही हा पर्याय द्यायचा का? पुल म्हणजे दुसरीकडचं आणणं आणि मर्ज करणं, दोन्ही एका दमात. हमानो यांनी सुरुवातीला तो दिला नाही. त्यांचं म्हणणं असं की दोन प्रकल्प जोडणारा माणूस आधी दुसरा प्रकल्प आणून पाहील, जुळतं का ते तपासेल, मग जोडेल. तेव्हा आणणं वेगळं आणि जोडणं वेगळं असलेलंच बरं. मात्र त्यांनी तत्त्वाचा विरोधही धरला नाही. कोणाला हवं असेल तर करा, असं म्हणून दार किलकिलं ठेवलं. पुढे पुललाही तो पर्याय मिळाला. 13 जून 2016 ला गिटची 2.9 ही आवृत्ती आली आणि नवा नियम सगळ्यांना लागू झाला.

निकाल काय लागला? लिनक्सपुरतं पाहिलं तर नियम योग्य ठरला. त्याच वर्षी ग्रेबस नावाचं काम कर्नेलमध्ये आलं. गूगलच्या सुट्या भागांच्या फोनसाठी ते स्वतंत्र वाढलं होतं. तेही आपला मूळ पुरुष घेऊनच आलं. म्हणजे नियमाने खरी सोयरीक अडली नाही.

पण बाकीच्या जगात वेगळंच घडलं. गिट शिकणारी मुलं लाखांनी आहेत. घरी काम सुरू करायचं, संकेतस्थळावर रीडमीसकट दप्तर उघडायचं, दोन्ही जोडायला जायचं, ही माझी चूक त्यांतली असंख्य मुलं करतात. गिट त्यांना नकार देतं, पण नकाराचं कारण एका ओळीत सांगून गप्प बसतं. पुढे काय पाहायचं, काय तपासायचं, हे सांगत नाही. मग मूल इंटरनेटवर शोधतं, तो लांबलचक पर्याय सापडतो, ते चिकटवतं आणि काम होतं. पुढच्या वेळी शोधायचीही गरज राहत नाही. रेंजवरची ती घोषणा म्हणून म्हणून पाठ होते आणि पाठ झाली की खिसा कोणी तपासत नाही, तसंच हे. म्हणून तर मुलगी सहज म्हणाली, सगळे तेच लावतात.

पुलला पर्याय मिळाल्याने यात भर पडली असं माझं मत आहे. आणणं आणि जोडणं यांच्यामध्ये जी एक थांबायची जागा होती, तीच गेली. हमानो यांचा पहिला विचार मला दुसऱ्यापेक्षा जास्त पटतो. आणि नकाराच्या त्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी होती, 'दुसरीकडे काय आहे ते आधी पाहा' अशी. पर्याय मांडताना त्याचं नाव, त्याची सवय, त्याच्या चाचण्या सगळं तपासलं गेलं. ज्याला नकार मिळणार त्या नवशिक्याच्या बाजूने मात्र कमी पाहिलं गेलं असं मला वाटतं. ही टीका मी आदराने करतो, कारण सीमेवर चौकी नव्हती तिथे त्यांनी ती बसवली. चौकीवर पाटी लावायची राहिली, एवढंच.

या इतिहासातून मी घेतलं ते इतकं : एखादं अवघड काम सोपं झालं की त्या अवघडपणात लपलेला पहारा निघून जातो. तो पुन्हा मुद्दाम बसवावा लागतो. आणि बसवलेला पहारा टिकायचा असेल, तर माणसाला दरवेळी क्षणभर थांबून विचार करायला लावलं पाहिजे. नाहीतर तोही एक मंत्र होतो.

आता माझ्या मुलाखतींचं काय झालं? त्या दिवशी मी तो पर्याय लावला नाही. संकेतस्थळावरच्या दप्तरात त्या एका ओळीशिवाय काही नव्हतं. तो इतिहास नव्हताच, जोडायचं काय? ते दप्तर पुसलं, खूण न करता पुन्हा रिकामं उघडलं आणि घरच्या नोंदी तिथे पाठवल्या. पाच मिनिटांचं काम. मुलीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा, खरं तर असंच करायला हवं."

तीन महिन्यांनी मात्र वेगळी वेळ आली. माझा एक कोर्समेट बडोद्याला असतो. तोही आपल्या परीने जुन्या सैनिकांच्या आठवणी गोळा करत होता, माझ्या आधीपासून. त्याच्या भाच्याने त्या गिटमध्येच ठेवल्या होत्या. आम्ही ठरवलं, संग्रह एक करायचा. नुसत्या फाइली मागवून माझ्या दप्तरात टाकता आल्या असत्या. पण मग त्याच्या सगळ्या नोंदी माझ्या नावावर आल्या असत्या. कोणती मुलाखत त्याने कधी घेतली, कोणत्या म्हाताऱ्या हवालदाराने नंतर फोन करून कोणतं गावाचं नाव सुधारलं, हे सारं पुसलं गेलं असतं. त्यातले काही हवालदार आता हयात नाहीत. ती सुधारणा हाच त्यांचा शेवटचा शब्द आहे.

म्हणून आधी त्याचं दप्तर नुसतं आणलं, जोडलं नाही. दोन संध्याकाळी बसून पाहिलं. 'यादी' या नावाची फाइल दोघांकडे होती आणि मजकूर वेगळा होता, म्हणजे तंटा होणार होता. त्याला फोन करून त्याच्याकडच्या फाइलीचं नाव बदलून घेतलं. एका सैनिकाची मुलाखत दोघांनीही घेतली होती. ती दोन वेगळ्या नावांनी ठेवली, कारण माणूस दोन वेळा दोन गोष्टी सांगतो आणि दोन्ही ठेवाव्या लागतात. मग मर्जची कमांड लिहिली आणि तिच्यापुढे ती लांब परवानगी अक्षर न अक्षर टंकली. नोंदीत कारण लिहिलं : दोन मित्रांनी वेगवेगळे सुरू केलेले संग्रह आजपासून एक.

कमांड चालली. दोघांचेही मूळ पुरुष आता एकाच वंशावळीत आहेत, आपापल्या तारखेसह. परवा मुलीने ते पाहिलं आणि विचारलं, "बाबा, त्या काकांच्या नोंदी तुमच्यापेक्षा जुन्या आहेत?"

म्हटलं, आहेत. दप्तरात तसंच दिसतं.